ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांना, दोन डबे आणि एका लांब दोऱ्याबद्दल

प्रिय सिस्टर,

स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमधून निघालेला भाग तुम्ही आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबला (शरीरातून काढलेले भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) दोन डब्यांत पाठवलात, उजवा वेगळा आणि डावा वेगळा. चिठ्ठी झाकणावर नव्हती, डब्याच्या अंगावर होती. झाकणांची अदलाबदल होते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यावर बाजू, वजन आणि फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकल्याची वेळ लिहिली होती. शिवाय प्रत्येक तुकड्याला दोन टाके: वरच्या टोकाला आखूड दोरा, काखेकडच्या टोकाला लांब. सर्जननी ते तुमच्या आग्रहावरून घातले, असं कळलं. रिपोर्टवर तुमचं नाव कुठेच येत नाही, म्हणून हे उघड पत्र.

उजव्या तुकड्यात डीसीआयएस निघाला. दुधाच्या नळीच्या आतच असलेला, बाहेर न घुसलेला कर्करोग. मॅमोग्राफीत काही नव्हतं, हाताला गाठ लागत नव्हती, ऑपरेशन मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यासाठी होतं. अशा नमुन्यांत बहुतेक वेळा फायब्रोसिस्टिक बदल किंवा एखादा फायब्रोॲडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेलं काही, एवढंच सापडतं. कर्करोग शंभर जणींत जेमतेम एकीला, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. दुसऱ्या स्तनाचा कर्करोग आधी होऊन गेला असेल तर शक्यता वाढते. एडीएचसारखे बदल (नळीतल्या पेशींची असामान्य वाढ, पण कर्करोग नव्हे), जे पुढचा धोका साधारण चौपट करतात, ते त्यामानाने जास्त दिसतात.

त्या लांब दोऱ्याचं मोल सांगायलाच हवं. अर्धा किलोचा पिवळा गोळा टेबलावर आला की त्याला वर-खाली, आत-बाहेर काही उरत नाही. आम्ही त्याचे अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे काप करतो, बोटांनी चाचपतो आणि चरबी सोडून पांढरट, चिवट भागातून ब्लॉक घेतो, म्हणजे स्लाइडसाठी मेणात बसवायचे छोटे तुकडे. डोळ्यांना बहुधा काहीच दिसत नाही. जे कळतं ते स्लाइडवर. मग त्याच जागेच्या आजूबाजूचे आणखी ब्लॉक घ्यायचे, कुठे बाहेर घुसलाय का ते बघायचं आणि कुठल्या कडेच्या किती जवळ आहे ते सर्जनना सांगायचं. दोरा होता म्हणून ‘उजवा, वरचा-बाहेरचा भाग’ असं ठामपणे लिहिता आलं. या ऑपरेशनात उरलेली ऊती इकडची तिकडे सरकवलेली असते. जागाच माहीत नसली तर पुन्हा कुठे जायचं हे सर्जनना कळत नाही, आणि मग अख्खा स्तन काढण्याची वेळ येऊ शकते.

हे लिहिताना रागही येतो. दोन्ही बाजूंचं एकाच पिशवीत भरलेलं, सलाईनमध्ये बुडवलेलं असंही आमच्याकडे आलंय. ‘चरबीच तर आहे, रिपोर्ट कशाला?’ हेही ऐकलंय. त्या पिशवीत कर्करोग निघाला तर तो कुठल्या बाजूचा, हेच सांगता येत नाही! कोंबून भरलेल्या डब्याचंही तेच. फॉर्मालिन ऊतीच्या दहापट हवं. चरबीत ते फार हळू शिरतं, मोठा गोळा न कापता ठेवला तर आतून खराब होतो, आणि मग ईआरच्या (उपचार ठरवायला लागणाऱ्या इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या) तपासणीवर विसंबता येत नाही. ऊती तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडावी आणि 6 ते 72 तास राहावी, हा हिशेब तुम्ही लिहिलेल्या वेळेमुळे लागला.

ऑपरेशन नीट पार पडलेलं, पुढची केस दाराशी, आणि टाकाऊ वाटणाऱ्या मांसाकडे बघायला कुणालाच फुरसत नाही. अशा वेळी तुम्ही थांबलात, दोरा घालायला लावलात. कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी काम चोख करणारी माणसं आहेत, त्यांच्यावर आमचे रिपोर्ट उभे आहेत. मनापासून आभार, सिस्टर.

उजव्या बाजूचे सगळे ब्लॉक जपून ठेवलेत. दुसरं मत घ्यायचं झालं तर स्लाइड्स लगेच मिळतील. आणि पुढच्या अशा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लॅबला फोन करा, मोठे डबे आणि पुरेसं फॉर्मालिन आम्हीच पाठवू.

तुमची,
लॅबमधली एक पॅथॉलॉजिस्ट