जुनी गाडी भंगारात काढायच्या आधी एकदा तिचा अर्थ (अर्थिंग) तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, पंधरा-वीस वर्षांवरच्या सगळ्या गाड्या सरळ भंगारात काढा, त्या रस्त्यात बंद पडतात, त्यांचे दिवे लागत नाहीत, लोकांना त्रास होतो असं. ते वाचल्यापासून हे लिहायचं डोक्यात होतं. दिवे लागत नाहीत ही तक्रार खरी आहे, माझ्याच गाडीचे लागत नव्हते, पण का लागत नव्हते ते कळल्यावर मला वाटलं की हे गोव्यात ज्यांच्या ज्यांच्या मांगरात जुनी गाडी उभी आहे त्या सगळ्यांना सांगायलाच हवं.

आमची गाडी म्हणजे बाबांनी १९७८ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी, घरात सगळे अजून फियाटच म्हणतात. नंबर लावून किती दिवस थांबलो ते बाबा शेवटपर्यंत सांगायचे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. बाबा गेल्यावर ती म्हार्दोळला घराच्या बाजूच्या शेडमध्ये होती, मी महिन्यातनं दोनदा तीनदा काढायचो. गेल्या चवथीच्या आधी माटोळीचं सामान आणायला म्हणून संध्याकाळी बाहेर पडलो आणि येताना बाणस्तारीच्या पुलाच्या जरा अलीकडे पाऊस धरला, वायपर लावला तर हेडलाइट एकदम पिवळे पडले, इंडिकेटर दिला तर डाव्या बाजूचा पार्किंग दिवा पण त्याच्याबरोबर लुकलुकायला लागला आणि टेंपरेचरचा काटा इंजिन थंड असताना वर चढला. बाजूला बायको, मागे मुलगी, समोरून ट्रक. त्या रात्री घरी कसे पोचलो ते आम्हालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं, दोन वायरी हलवून बघितल्या आणि म्हणाले सगळं वायरिंग कुजलंय, नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, घालावं लागेल, आणि मागे खड्ड्यात धडधडतंय त्यासाठी चारी शॉकअप आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदला, वायरिंगचेच ३८ हजार सांगितले. वर म्हणाले त्यापेक्षा विकून टाका. मीटर लावून एक रीडिंगसुद्धा घेतलं नाही. मला राग त्या पैशांचा आला नाही एवढा त्याचा आला, कारण डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशन सांगावं तसं ते झालं.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे इलेक्ट्रिशियन काका आहेत, पंचाहत्तरी उलटलेली, पूर्वी बस आणि टॅक्सींची कामं करायचे, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. त्यांना सगळी लक्षणं सांगितली. त्यांनी गाडी बघायच्या आधीच सांगितलं, "पयलीं अर्थ पळय रे, मागीर वायर काप." म्हणजे आधी अर्थ बघ, मग वायर काप.

हा अर्थ काय असतो ते नीट सांगतो कारण सगळी गोम तिथेच आहे. जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला बॅटरीकडून प्लसची एकच वायर येते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. दिव्याची काळी वायर पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली असते, तिथून करंट पत्र्यातनं बॅटरीच्या मायनसला जातो. त्या स्क्रूखाली गंज धरला की वाट बंद. मग करंट दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधनं, काट्याच्या मीटरमधनं, जिथून जमेल तिथून. म्हणून इंडिकेटर दिला की पार्किंग दिवा लुकलुकतो आणि हेडलाइट लावला की काटा चढतो, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांना जोडल्यासारख्या वागायला लागल्या की वायरिंग कुजलं असं धरू नका, आधी अर्थ गेला असं धरा. आणि आपल्याकडे तो जाणारच, चार महिने पाऊस, वर्षभर खारी दमट हवा, त्यात गाडीवर ताडपत्री टाकून ठेवायची सवय, आतली वाफ बाहेरच पडत नाही.

तपासायला महागडं काही लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. हेडलाइट चालू ठेवायचे, मीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी बॅटरीच्या मायनसला आणि लाल काडी दिव्याच्या अर्थच्या टोकाला. वाट मोकळी असेल तर जवळजवळ शून्य दिसतं, ०.१-०.२ च्या वर जायला नको. माझ्याकडे २.९ दिसलं. म्हणजे बॅटरीत १२.४ असताना बल्बला साडेनऊच मिळत होते, आणि फिलामेंटचा बल्ब असा आहे की व्होल्ट थोडे कमी झाले तरी उजेड खूप कमी होतो, एवढ्या फरकाला तो निम्म्याच्याही खाली जातो. मडगार्डच्या आतल्या बाजूला तो स्क्रू सापडला, वरनं कोणीतरी कधीतरी रंग मारलेला, खाली तपकिरी भुगा. काढला, पत्रा कानशीने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन टर्मिनल दाबलं, आवळून वरनं व्हॅसलिन लावलं. मीटर परत लावला, ०.०८. मुलीने आतून स्विच दाबला आणि समोरची कुंपणाची भिंत पांढरी झाली. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो दोन मिनिटं. बाबांच्या वेळी ती भिंत अशीच दिसायची.

मग हुरूप आला. फ्यूज बॉक्स उघडला, आमच्या गाडीत ते जुन्या पद्धतीचे चिनी मातीचे टोकदार फ्यूज आहेत, त्यांच्या टोकांना हिरवट पांढरा थर चढलेला, बोटाने फिरवला की दिवा लागायचा आणि सोडला की जायचा. एकेक काढून टोकं आणि क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासल्या. एका जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली निघाली, हे मात्र कोणी करू नका, फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून, चांदी गुंडाळली की तो उडत नाही, वायर पेटते. हेडलाइटला दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, पण घातले. जुन्या वायरिंगमध्ये दोन्ही बल्बचा सगळा करंट, म्हणजे साधारण ९-१० अँपिअर, डॅशबोर्डच्या स्विचमधनं फिरून जातो, रिले घातल्यावर स्विचला नुसता इशारा द्यायचं काम राहतं आणि बल्बला बॅटरीकडून जाड वायरने थेट, अर्थात मध्ये फ्यूज घालूनच. उजेड वाढवायला लोक ९०-१०० वॅटचे बल्ब घालतात आणि मग स्विच वितळतो, त्यापेक्षा रिले हजारपटीने बरा.

एक प्रॉब्लेम राहिला होता, चार दिवस उभी ठेवली की पाचव्या दिवशी सेल्फ नुसता टकटक करायचा. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या त्यापायी. काकांनी सांगितलं बॅटरीची मायनस केबल काढ आणि मीटर दहा अँपिअरच्या होलमध्ये काडी घालून मध्ये लाव, सगळं बंद ठेवून. (तेव्हा चुकून सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल.) आपल्या गाडीत कॉम्प्युटर नाही काही नाही, तेव्हा जवळजवळ शून्य यायला हवं. आले ०.४. पंचेचाळीस एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला एवढं पाच दिवसांत कोरडं करायला पुरे. एकेक फ्यूज काढत गेलो तरी आकडा हलेना, म्हणजे फ्यूज बॉक्सच्या बाहेरून कोणीतरी जोडलेलं. पूर्वी कोणीतरी बसवलेल्या टेपचा अँप्लिफायर थेट बॅटरीवर दिला होता, तो कायम जागा राहायचा. ती वायर काढली, संपलं. दोन्ही बॅटऱ्यांचे पैसे फुकट गेले.

आता सस्पेन्शन. मागून डाव्या बाजूला बारीक खड्ड्यातसुद्धा धडधड यायची, गॅरेजवाल्याने शॉकअप सांगितले होते. शॉकअप बघायची सोपी रीत आहे, गाडीचा कोपरा जोरात खाली दाबून सोडायचा, एकदा वर येऊन थांबला तर ठीक, झोपाळ्यासारखा दोन-तीनदा हलला तर गेला. माझे थांबत होते. मग खाली झोपून पाट्याच्या टोकाच्या शॅकलपाशी, म्हणजे पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीपाशी, लहान पहार घालून हलवलं तर आतले रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची नळी) फाटून चामड्याच्या लिरक्या झालेल्या, लोखंडावर लोखंड आपटत होतं. हेच बुश मागच्याच वर्षी बदललेले, मग एवढ्यात फाटले कसे? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितो. हा बुश फिरत नाही, नट आवळला की त्याचं रबर दोन्हीकडून धरलं जातं आणि पाटा हलतो तेव्हा रबर पिळतं आणि परत येतं. गाडी जॅकवर लटकत असताना नट पक्का आवळला तर रबर त्या लटकत्या अवस्थेत धरलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायमचंच पिळलेलं राहतं आणि वर खड्डे, मग ते फाटणारच. नट नुसता हाताने लावायचा, गाडी चाकांवर खाली घ्यायची, पुढेमागे ढकलून दोनदा हलवायची आणि मग खाली सरपटून शेवटचं आवळायचं. पाचच मिनिटं जास्त लागतात आणि तीच घाईत वाचवली जातात. पाट्यांच्या मधला गंज पण खरवडून ग्रॅफाइट ग्रीस भरलं, करकर गेली. गंजलेला बोल्ट मात्र ताकदीने काढायचा नाही, रात्री तेल मारून ठेवायचं, सकाळी परत, मग निघतो.

घरी करणाऱ्यांना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. आपल्याकडे गाडी वर उचलून खाली चिरे लावायची पद्धत आहे, अंगणात चिरे असतातच. चिऱ्यावर गाडी ठेवून खाली शिरू नका, जांभा दगड एका ठिकाणी वजन आलं की कधी फुटेल सांगता येत नाही आणि फुटायच्या आधी आवाज देत नाही. लोखंडी स्टँड घ्या, त्याच्याखाली जाड फळी टाका, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (गाडी सरकू नये म्हणून पाचर) लावा आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. आणि पुढच्या कॉइल स्प्रिंगला घरी हात लावू नका, ती दाबलेली असते, सुटली तर माणूस मरतो. ते काम मी पण घरी केलं नाही, जाणत्या माणसाकडून करून घेतलं.

सगळा खर्च, मीटर धरून, चार हजारांच्या आत झाला.

पैशांपेक्षा मला चिंता दुसरी आहे. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर पार्ट पण मिळायचे आणि माणसंही, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी पण उतरली, आता कुर्ल्याला फोन केला तर दहातल्या चार वस्तू मिळतात. सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आणले ते चांगलं केलं, पण ते पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, ज्या प्रदर्शनात आणि रॅलीत न्यायच्या, रोज चालवायच्या नाहीत. माझ्यासारख्या मधल्या वयाच्या गाड्यांना फक्त रिन्युअलची फी आहे. फी भरायला मी तयार आहे, गाडी पासिंगला नीट उभी राहिली पाहिजे हेही मला मान्य आहे, ती नीट कशी ठेवायची हे शिकवणारं कोणीतरी राहू दे एवढंच मागणं आहे.

आपल्या राज्यात सरकारी आयटीआय आहेत, तिथे मोटर मेकॅनिकची पोरं शिकतात. शनिवारी दुपारी दोन तास या म्हाताऱ्या मेस्तांना मान देऊन बोलवा, मानधन द्या, पोरांच्या हातात मीटर द्या आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनाही बसू द्या. नव्या गाडीतसुद्धा अर्थ हा अर्थच असतो, स्कॅनर लावून सापडला नाही की ही पोरंच पार्टमागून पार्ट बदलत बसतात. आमचे काका यायला तयार आहेत, मी विचारलंय. त्यांना दिसत कमी असलं तरी ते स्क्रूवर बोट फिरवून सांगतात गंज आहे की नाही. कुठल्या आयटीआयने मनावर घेतलं तर पहिल्या शनिवारी प्रॅक्टिकलला गाडी माझी, काकांना बाजूला बसवून मी घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, म्हार्दोळ-फोंडा