फिनलंडच्या कुळांची कादंबरी मराठीत यायलाच हवी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतले परदेशी कादंबऱ्यांवरचे लेख मी आवर्जून वाचतो, पण त्यात युरोप म्हणजे लंडन, पॅरिस आणि फार तर रशिया, म्हणून हे पत्र. फिनलंडच्या वाइनो लिन्नाची ‘अंडर द नॉर्थ स्टार’ ही तीन भागांची कादंबरी (१९५९, १९६०, १९६२) मराठीत यायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

युस्सी नावाचा गडी पाद्रीच्या मालकीच्या दलदलीत कुदळ घेऊन उतरतो, चर खणतो, शेत करतो, घर बांधतो, वर्षानुवर्षं राबतो आणि सगळा व्यवहार तोंडी, मग नवा पाद्री येतो आणि लागवडीला आणलेल्या जमिनीचा मोठा तुकडा काढून घेतो. माणूस वाईट नाही तो, त्याला स्वतःलाही खटकतं, पण बायकोच्या आग्रहापुढे काही चालत नाही आणि जमीन जाते ती जातेच. लिन्ना मालकांनाही राक्षस करत नाही, त्यामुळे जास्तच राग येतो! आम्हा अलिबागकडच्या लोकांना हे वाचताना चरीचा संप आठवणारच, १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची शेतं कसली नाहीत, उपाशी राहिले पण मागे हटले नाहीत.

बापाचा अपमान बघत मोठा झालेला युस्सीचा मुलगा अक्सेली गावातल्या शिंप्याच्या संगतीत सोशलिस्ट होतो आणि १९१८च्या सिव्हिल वॉरमध्ये रेड गार्डचा, म्हणजे डाव्या कामगार-कुळांच्या सशस्त्र दलाचा, कंपनी कमांडर. रेड हरतात, त्याच्या दोन्ही भावांना गोळ्या घालतात, तो प्रिझन कॅम्पमध्ये. खऱ्या इतिहासात त्या कॅम्पांमध्ये १२ हजारांहून जास्त माणसं भुकेने आणि रोगराईने मेली, आणि जिंकलेली बाजू या सगळ्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणत राहिली. लिन्ना स्वतः ताम्पेरेच्या फिनलेसन कापड गिरणीतला कामगार. दुसरा भाग आला तेव्हा इतिहासकारांशी मोठा वाद झाला, पण हरलेल्यांच्या घरात चाळीस वर्षं दबक्या आवाजात चाललेलं बोलणं त्यानंतर चारचौघांत येऊ शकलं. एका कादंबरीने हे केलं.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच, ज्या जमिनीसाठी एवढं रक्त सांडलं ती कुळांना विकत घेता येईल असा कायदा त्याच १९१८ साली झाला. युस्सीचं कोस्केला घराणं मालक झालं खरं, पण दोन पोरं गेल्यावर. आणि पुढे अक्सेलीची मुलं त्याच देशासाठी सरहद्दीवर लढायला जातात.

आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ला कुळं मालक झाली, तेव्हा ही गोष्ट इथल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. इंग्रजीत तिन्ही भाग आहेत. पब्लिशरना एकदम तीन परवडत नसतील तर पहिला तरी काढा, आणि तोवर आपण पुरवणीत या कादंबरीला एक अख्खं पान द्यावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, अलिबाग