खापर क्वार्टरबॅकवर, घोळ क्रमाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलचा एखादा संघ ओळीने हरू लागला की प्रेक्षकांची मागणी ठरलेली असते: क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, बदला. मराठीत या खेळाविषयी जे थोडंफार छापून येतं, त्यातही सगळं गणित त्या एकाच खेळाडूच्या नावावर मांडलेलं असतं. शिकागो बेअर्सच्या 2024 च्या हंगामाबद्दल अजून असंच बोललं जातं, म्हणून हे पत्र.

आधी आकडे. क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला बेअर्सनी 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या सहा सामन्यांपैकी चार जिंकले, मग सलग दहा हरले आणि हंगाम 5-12 वर (पाच विजय, बारा पराभव) संपला. त्या हंगामात विल्यम्स 68 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकायच्या आत, चेंडू हातात असतानाच आडवा केला गेला. एका हंगामात याहून जास्त सॅक एनएफएल या व्यावसायिक लीगच्या इतिहासात दोघांच्याच नावावर आहेत: डेव्हिड कार, 76, साल 2002, आणि रँडल कनिंगहॅम, 72, साल 1986.

यातले बरेच सॅक विल्यम्सने स्वतः ओढवून घेतले, हे खरं. कॉलेजमध्ये इकडेतिकडे पळून वेळ काढता येत होता. इथे बचावफळीतले धिप्पाड गडीही तितकेच चपळ असतात. चेंडू सीमारेषेबाहेर फेकून देण्याऐवजी तो धरून बसायचा. पण 68 चा आकडा एकट्याच्या चुकांनी गाठता येत नाही.

क्वार्टरबॅकपुढे पाच जण भिंत करून उभे असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. स्नॅप झाल्यापासून, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिल्यापासून, क्वार्टरबॅकला साधारण अडीच सेकंद मिळतात. कडेचा टॅकल हरला तर प्रतिस्पर्धी वळसा घालून येतो. अशा वेळी क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो, येणारा मागून निघून जातो आणि पास तरीही सुटतो. मधून दाब आला की ही सोयच उरत नाही. पुढे सरकायला जागा नाही, लांबचं दिसत नाही, पुढचा पाय रोवता येत नाही म्हणून फेकही आखूड पडते. बेअर्सची फळी त्या वर्षी मधूनच फुटत होती. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे दिसतो तो फक्त गोंधळलेला क्वार्टरबॅक.

सॅकचा तोटा गेलेल्या यार्डांवर संपत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं; पहिल्या प्रयत्नात सात यार्ड गेले की पुढच्या प्रयत्नात दहाऐवजी सतरा हवे. मग धावण्याचे डाव बाद, आखूड पासही बाद, आणि आता लांब पास येणार हे समोरच्याला न सांगता कळतं. तो बिनधास्त चाल करून येतो आणि दुसरा सॅक होतो. 10 नोव्हेंबरला सोल्जर फील्ड या बेअर्सच्या घरच्या मैदानावर न्यू इंग्लंडने असे नऊ सॅक केले. बेअर्सची पूर्ण सामन्यातली मजल 142 यार्ड, गुणफलक 19-3. दोनच दिवसांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव ठरवणारा प्रशिक्षक, शेन वॉल्ड्रनला नारळ मिळाला आणि डाव सांगण्याचं काम थॉमस ब्राउनकडे गेलं.

तरी प्रशिक्षकांचं खरं अपयश दिसलं ते 28 नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये. बेअर्स 23-20 ने मागे, चेंडू त्यांच्याकडे, हातात एक टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची एक संधी. 32 सेकंद उरले असताना विल्यम्स सॅक झाला आणि चेंडू डेट्रॉइटच्या 41 यार्डांवर आला. फील्ड गोलचं, म्हणजे किकने मिळणाऱ्या तीन गुणांचं, अंतर काढताना त्यात 17-18 यार्ड मिळवायचे, दहा गोलरेषेमागच्या पट्ट्याचे (एंड झोनचे) आणि बाकीचे किक मारण्यासाठी मागे ठेवलेल्या चेंडूचे. म्हणजे किक झाली असती 58-59 यार्डांची. आठ-दहा यार्डांचा एक पास मिळाला असता तर सामना बरोबरीत नेण्याची रास्त संधी होती. टाइमआउट तिथेच घ्यायचा, पास खेळायचा, मग चेंडू बाहेर जाऊन किंवा जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचं. प्रत्यक्षात घड्याळ पळत राहिलं, पुढचा स्नॅप झाला तेव्हा सहा सेकंद उरले होते आणि लांबचा पास हुकताच सामना संपला. टाइमआउट खिशातच.

मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लसचं नंतरचं म्हणणं असं, की 18 सेकंद असताना डाव खेळून मगच टाइमआउट घ्यायचा होता. पण क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करण्यासाठीच्या वेगळ्या घड्याळावर) 15 सेकंद उरेपर्यंत चालू असतो आणि प्ले क्लॉक डाव संपताक्षणी 40 पासून सुरू होतं. म्हणजे सामन्याचे जेमतेम सात सेकंद उरेपर्यंत बाजूरेषेवरून विल्यम्सच्या कानात बोलता येत होतं. टाइमआउट मागायला तर रेडिओही लागत नाही. नवखा क्वार्टरबॅक गडबडला असेल. पंचाकडे हात करून दोन शब्द बोलायचं काम तीसेक वर्षं प्रशिक्षण करणाऱ्या माणसाचं होतं. दुसऱ्या दिवशी एबरफ्लस गेला. बेअर्सनी हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षक काढण्याची ही पहिलीच वेळ. (वॉशिंग्टनविरुद्ध गोलरेषेपासून एका यार्डावर असताना राखीव सेंटरच्या हाती चेंडू देण्याची हौस कुणाची होती, यावर वेगळं पत्र लिहिता येईल. चेंडू अर्थातच सुटला.)

आता मुद्द्याचं. 2017 साली बेअर्सनी मिच ट्रुबिस्की घेतला. वर्ष संपताच मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्सला काढलं. 2021 साली जस्टिन फील्ड्स घेतला. हंगाम संपल्यावर मॅट नेगीला काढलं. 2024 साली विल्यम्स घेतला आणि एबरफ्लसला काढलं. पहिल्या फेरीत निवडलेले तीन क्वार्टरबॅक, आणि तिघांनाही दुसऱ्या वर्षी नवा प्रशिक्षक, नवी डाववही, नव्या खुणा. फील्ड्स पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो सामना क्लीव्हलंडमध्ये झाला तेव्हाही नऊच सॅक होते. सॅकचे यार्ड वजा केल्यावर पासिंगचा निव्वळ हिशेब निघाला एक यार्ड. तीन वर्षांत दुखणंही बदललं नव्हतं आणि उपचारही.

2023 च्या 7-10 हंगामानंतर एबरफ्लसवर भरवसा उरला नसेल तर त्याला तेव्हाच निरोप द्यायचा होता. तसं न करता फक्त कोऑर्डिनेटर बदलला आणि पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक एबरफ्लसच्याच हवाली केला. आधी प्रशिक्षक, मग त्याला हवी तशी मधली फळी, मग क्वार्टरबॅक, हा साधा क्रम. बेअर्सचं वर्षानुवर्षं वरातीमागून घोडं. हा निर्णय मालक आणि जनरल मॅनेजरचा असतो, मैदानावरच्या कुणाचाच नाही. म्हणून डिसेंबरमध्ये सिॲटलकडून 6-3 असं हरताना सोल्जर फील्डवर ‘संघ विका’ अशा घोषणा झाल्या, तेव्हा राग पहिल्यांदा योग्य पत्त्यावर पोचला असं आम्हाला वाटतं.

पुढे काय झालं तेही नोंदवायला हवं. जानेवारी 2025 मध्ये डेट्रॉइटचं आक्रमण घडवणारा बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. मार्चमध्ये जो थुनी आणि जोना जॅक्सन हे दोन गार्ड आणि ड्रू डालमन हा सेंटर आणला, म्हणजे बरोबर मधले तिघे. क्वार्टरबॅक तोच. 2025 मध्ये त्याचे सॅक पंचविशीच्या आत आले, संघ 11-6 ने विभागात पहिला आला आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ग्रीन बेला 31-27 असं हरवलं.

विल्यम्स निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. पुरेसा वेळ मिळूनही 2025 च्या हंगामात त्याचे साठ टक्क्यांहून कमी पास पूर्ण झाले. सोप्या, आठ-दहा यार्डांच्या पासवर त्याचा नेम अजून हुकतो. ही तक्रार त्याच्याच नावाने करायची, आणि आम्ही ती करतो.

आपले,
इलिनॉयमधील काही मराठी वाचक