क्रुसाच्या वाटेची तैलचित्रे जमा करण्याबाबत

सर्व चित्रकार सभासदांना जय येशू.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, चर्चच्या सभागृहात क्रुसाच्या वाटेची (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातल्या 14 प्रसंगांची, म्हणजे स्थानांची) आपली 14 चित्रं लागतील. आदल्या रविवारी, सकाळच्या मिस्सेनंतर (उपासनेनंतर), चित्रं आणून द्या. ओलं चित्र घेतलं जाणार नाही.

जवसाच्या तेलातला पातळ थरसुद्धा वाळायला काही दिवस घेतो, जाड थराला तर आठवडे लागतात. तेव्हा आता पांढरा रंग थापत बसू नका. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर भेगा पडतात. व्हार्निशचं पुढे बघू.

येशूची आई मरिया लुगड्यात रंगवली तर चालेल का, असं काहींनी विचारलंय. खुशाल रंगवा. चित्रकार अँजेला त्रिंदाद (1909–1980) यांनी तिला साडी नेसवलीच होती. फक्त नवलाईसाठी नको. या चित्रांपुढे लोक गुडघे टेकणार आहेत.

- सही लहान, खालच्या कोपऱ्यात. किंमत लिहू नये, चित्रं विकायची नाहीत.
- चौकटीमागे स्थानाचा क्रमांक लिहा.
- तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोंबू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

सहावं स्थान, वेरोनिका येशूचा चेहरा पुसते ते, अजून कुणी घेतलेलं नाही. इच्छुकांनी आजच कळवावं.