‘मिसिसिपी’ दोनदा ऐकावे

मा. संपादक,
स. न.

२०१६च्या नोबेलपासून अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनवर मराठीत बरेच लिहिले गेले, पण बहुतेक शब्दांवरच. अल्बम कोणी प्रोड्यूस केला, हे परीक्षणात क्वचितच येते. हा प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा निर्माता नव्हे. आपल्याकडचा संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक एकत्र करा, म्हणजे त्याच्या कामाची कल्पना येईल.

डिलनचा ‘टाइम आउट ऑफ माइंड’ (१९९७) हा अल्बम मायामीत डॅनियल लान्वाने प्रोड्यूस केला. वादकांची गर्दी, काही गाण्यांत तर एकाच वेळी दोन ड्रमर. इतके जण एकत्र वाजवू लागले की सगळ्यांचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो. मग मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, गायकाला वर घ्यावे, तर ड्रमही वर येतात. त्यात रिव्हर्ब (आवाजामागचा घुमारा) लांबवला की शब्दाच्या शेवटची व्यंजने पुसली जातात. मरणाच्या सावलीतल्या त्या गाण्यांना हे धुके शोभले, पण प्रत्येक गाण्याला ते मानवत नाही.

‘मिसिसिपी’ या गाण्याचे तेच झाले. लान्वाला गुंतागुंतीचा ठेका हवा होता, डिलनला सरळ. जमेना, म्हणून गाणे अल्बममधून वगळले. २००१मध्ये ‘जॅक फ्रॉस्ट’ या नावाने डिलन स्वतःच प्रोड्युसर झाला आणि दौऱ्यावरच्या आपल्या वादकांना घेऊन, क्रिस शॉ ध्वनिमुद्रक असताना, ते गाणे न्यूयॉर्कमध्ये ‘लव्ह अँड थेफ्ट’ या अल्बमसाठी पुन्हा गायला. आवाज कोरडा, अगदी पुढे. घशाची खरखर लपवलेली नाही. ओळीचा शेवट स्पष्ट ऐकू येतो, त्यामुळे थकलेला माणूस हार न मानता बोलतोय, हे कळते. कवी तोच, पण अल्बमचा स्वभाव पार वेगळा.

पडताळायचे असेल तर ‘टेल टेल साइन्स’ (२००८) हा डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा संग्रह घ्या. १९९७च्या अल्बमच्या सत्रांतली, तेव्हा वगळलेली ‘मिसिसिपी’ त्याच्या तीन सीडींच्या आवृत्तीत तीन प्रकारे आहे. ‘फ्रॅगमेंट्स’ या नंतरच्या संग्रहात (२०२३) मायकेल ब्राउअरने १९९७च्या अल्बमचे नवे मिक्स केले आहे; मूळ अल्बमशेजारी तेही ठेवा. मात्र हेडफोन लावून, दोन्हींची पातळी कानाने सारखी करूनच ऐका. जरा मोठ्याने वाजणारे कानाला उगाच सरस वाटते आणि तुलना तिथेच फसते.

आपल्या पुरवणीतील परीक्षणांच्या चौकटीत गीतकाराखाली प्रोड्युसर, ध्वनिमुद्रक, स्टुडिओ आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष एवढी एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर