भूगोलाचा तास कुठे गेला, मंत्रिमहोदय?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट तक्रारच सांगतो. मी कुर्ल्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत भूगोल शिकवतो. शिकवत होतो, म्हणा. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात साहेबांनी माईकवरून शब्द दिला होता, "अभ्यासक्रम बदलला तरी कुठल्याही विषयाला धक्का लागणार नाही." जूनमध्ये वेळापत्रक हातात पडलं, तर आठवीचा भूगोल हिंदीच्या बाईंकडे! बाई बिचाऱ्या मधल्या सुट्टीत मलाच विचारतात, "सर, समोच्च रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र ना?" आणि मी संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, अतिरिक्त. दुसऱ्या कुठल्या शाळेत समायोजन होईल, ते देवाला आणि शिक्षण निरीक्षकांना ठाऊक.

सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकच मंजूर नाही, हे आपल्या खात्याच्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाचं देणं. मराठी शाळांचा पट का घसरला, त्याचा इतिहास-भूगोल पुन्हा केव्हातरी.

आमचं भूगोल दालनही गेलं. तिथे आता 'स्मार्ट क्लास' आहे, प्रोजेक्टर बंद असलेला. कापडावर चिकटवलेले भिंतीवरचे नकाशे जिन्याखाली, फिनेलच्या कॅनशेजारी गुंडाळून पडलेत. त्यातला महाराष्ट्राचा नकाशा इतका जुना, की रायगडच्या जागी 'कुलाबा' जिल्हा दिसतो आणि पालघरचा पत्ताच नाही. तरी तो मला हवा होता. जिल्हे बदलतात कसे, हे पोरांना त्याच्यावरच दाखवायचो. मुंबईतल्या निम्म्या शाळांत तरी हीच गत असेल, हवं तर मोजून काढा.

केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने 2024 मध्ये सहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राची तीन पुस्तकं मोडून एकच केलं. आपणही 2025 च्या जूनपासून, पहिलीपासून, त्याच वाटेने निघालोय. एकत्र शिकवायला माझी ना नाही. पण एकत्र म्हणजे ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात, असा अर्थ शाळाशाळांतून लावला जातोय. मार्च 2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर करोनाने रद्द झाला, सरासरी गुण वाटले, कुणाचं काही अडलं नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

आमच्या वर्गात मिठी नदीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतली एक मुलगी होती. तिने विचारलं, "सर, पाणी आधी आमच्याच घरात का येतं?" आम्ही नकाशा उलगडला. विहार-पवई तलावांकडून निघालेली मिठी कुर्ल्यातून, विमानतळाच्या कडेने वळत माहीमच्या खाडीला मिळते. मग भरतीचं वेळापत्रक काढलं. साडेचार मीटरची भरती असताना वरून मुसळधार कोसळली की पाण्याने जायचं कुठे? ती म्हणाली, "म्हणजे आमचं घर नदीतच आहे." चाळीस गुणांच्या पेपरात या उत्तराला जागा नाही. दहावीला आम्ही भारत आणि ब्राझीलची तुलना शिकवतो, ॲमेझॉन तोंडपाठ. पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा, आणि मुलांना मिठीच्या पुलापर्यंत न्यायचं तर परवानग्यांची भेंडोळी.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला शंभरही नाही. एकाच शहरात एवढा फरक! नदीपात्रात भराव टाकणाऱ्यांनी, खारफुटी तोडायला सह्या करणाऱ्यांनी भूगोल ऑप्शनला टाकला होता बहुधा. मिठीतला गाळ काढल्याचा हिशेब तर आता पोलीस तपासतायत. पण बदली होते ती मास्तरची.

आणि गंमत बघा. भूगोल शिकवायला मी नको, पण बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीच्या कामाला, घरं शोधायला हवा! पाडलेल्या चाळींचे पत्ते असलेली यादी घेऊन दारोदार फिरतो मी, रविवारसुद्धा सुटत नाही. एमए, बीएड करून हे. बायको म्हणते, राजीनामा द्या. कर्जाचे हप्ते आपण भराल का, साहेब?

मागण्या दोनच. भूगोलाच्या तासिका वेळापत्रकात स्वतंत्र ठेवा आणि त्या भूगोल शिकलेल्या माणसाकडे द्या. वर्षातून एक क्षेत्रभेट मुख्याध्यापकांच्या सहीने होऊ द्या. 14 जानेवारीला भूगोल दिन असतो. त्या दिवशी शुभेच्छा नकोत, या दोन ओळींचा शासन निर्णय पाठवा. तोवर आवक क्रमांकाची पोच तरी द्या, मागच्या दोन अर्जांची अजून मिळालेली नाही.

आपला,
एक अतिरिक्त शिक्षक, कुर्ला