चि. सईस, निवडणुकीनंतर

रिचमंड, व्हर्जिनिया
६ नोव्हेंबर २००८

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

ओबामा निवडून आले याचा आनंद तुझ्याइतकाच मलाही झाला. पण "बाबा, आता वर्णभेद संपला" असं तू फोनवर म्हणालीस आणि मी गप्प झालो. म्हणून हे लिहितोय.

जिंकल्याचे आकडे सगळीकडे चाललेत. मला अप्रूप आपल्या व्हर्जिनियाचं. १९६४ नंतर हे राज्य पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक उमेदवाराला मिळालं. यादवी युद्धात गुलामगिरीवाल्यांची राजधानी याच रिचमंडात होती. पुढेही इथे मत द्यायचं तर वर्षाला दीड डॉलर कर पडे, तोही मागच्या तीन वर्षांचा भरलेला हवा. गरीब काळा माणूस तिथेच अडायचा. सर्वोच्च न्यायालयाने तो कर पुरता मोडीत काढला १९६६ साली. गोऱ्या-काळ्याचं लग्न तर इथे १९६७ पर्यंत गुन्हाच. ओबामांच्या आईवडिलांनी १९६१ मध्ये हवाईत लग्न केलं; इथे केलं असतं तर खटला झाला असता.

मंगळवारी रांगेत माझ्यापुढे काठी टेकत एक काळ्या आजी उभ्या होत्या. कुणी खुर्ची देऊ केली, तर नको म्हणाल्या. तुम्ही तो कर भरला होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

यात आपला काय संबंध, असं इथल्या मराठी मंडळातले काहीजण म्हणतात. ('ते लोक' म्हणतानाचा त्यांचा सूर तू ऐकलायस.) १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांना, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाही, असं सांगितलं होतं. आपल्यासारख्यांना दार उघडणारा कायदा १९६५ चा. त्याच वर्षी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पोलिसांनी चळवळीतले तरुण नेते जॉन लुइस यांचं डोकं फोडलं. त्या चळवळीने देशाची हवा पालटली नसती, तर मला कोण व्हिसा देणार होतं? जोतीरावांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना हे दिसलं. आमच्या मंडळाला शेजारचं घर दिसत नाही.

मला आशा आहे, नाही असं नाही. पण बँका बुडताहेत, नोकऱ्या जाताहेत. हा माणूसही कुठे ना कुठे चुकेलच आणि तेव्हा लोक त्याच्या रंगावर बोट ठेवतील. गोऱ्याची चूक त्याची एकट्याची असते.

पुढच्या नोव्हेंबरात इथे गव्हर्नरची निवडणूक आहे. तेव्हा एवढी गर्दी नसेल. तुझं नाव इथल्याच यादीत आहे, टपाली मतपत्रिकेचा अर्ज वेळेत कर. थँक्सगिव्हिंगला कधी येतेस ते आईला कळव.

तुझा,
बाबा